फुल व्हर्जिनिया फ्लेक: नवख्या पाइपवाल्यासाठी एका तंबाखूची ओळख

माझा पहिला डबा मी जवळजवळ वाया घालवला होता. झाकण उघडलं तर आत लांब, काळपट तपकिरी पट्ट्या एकावर एक रचून ठेवलेल्या, आणि वास असा की डबा नाकापासून दूर करवेना. दोन पट्ट्या उचलल्या, दुमडल्या, पाइपात कोंबल्या आणि काडी ओढली. पंधरा मिनिटांत अकरा काड्या जळाल्या. पाइप गुडगुडायला लागला, तोंडात कोमट कडू पाणी आलं आणि जिभेचं टोक पुढचे दोन दिवस पोळल्यासारखं राहिलं. लोकांनी हिला उगाच डोक्यावर घेतलंय, असं म्हणून मी डबा कपाटात ढकलून दिला. झाकणही धड लावलं नाही.

तीनेक आठवड्यांनी दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून तोच डबा काढला. वरच्या पट्ट्या वाळून कडक झाल्या होत्या. बोटांत धरल्या तर करकरत तुटल्या. भरल्या, पेटवल्या, आणि दुसऱ्याच काडीत पाइप लागला. त्या संध्याकाळी आधी वाळलेल्या गवताचा वास आला, मग भाजलेल्या पावासारखी चव, मग मनुकांची गोडी. तंबाखू तीच, पाइप तोच, ओढणाराही तोच. मधे बदललं होतं ते पट्ट्यांमधलं पाणी. या तंबाखूबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं एवढ्यातच आलं. उरलेलं निम्मं म्हणजे घाई न करणं, पण ते सांगायला जरा जागा लागते.

सुरुवातीलाच एक स्पष्ट बोलतो. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी आहे असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. ओठ, जीभ, तोंड, घसा यांचे कर्करोग पाइप ओढणाऱ्यांनाही होतात आणि निकोटिनची सवय पाइपनेही लागते. शेजारी बसलेल्याच्या छातीत धूर जातो तो वेगळाच. ज्याने आजवर तंबाखूला हात लावला नाही त्याने हा लेख वाचून लावू नये. हे लिहिलंय ते हातात आधीच पाइप असलेल्या आणि फ्लेकपाशी, म्हणजे अशा दाबून कापलेल्या पट्ट्यांपाशी, येऊन अडलेल्या सज्ञान माणसासाठी.

डब्यात नेमकं काय आहे

ही तंबाखू सॅम्युअल गॉविथ या नावाने विकली जाते. इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टच्या वेशीवर केंडल नावाचं गाव आहे, तिथलं हे घराणं. तिथला तपकिरीचा आणि तंबाखूचा धंदा आपली सुरुवात १७९२ सालची सांगतो. नावातला ‘फुल’ हा शब्द सरळ अर्थाने घ्यायचा: यात व्हर्जिनिया पान आहे, लटाकिया (धुरावर वाळवलेलं पान) किंवा बर्ली या दुसऱ्या जातीच्या पानाची भेसळ नाही, व्हॅनिला किंवा चेरीचा वास ओतलेला नाही.

व्हर्जिनिया गोड का लागते, हे कळलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात. हे पान बंद कोठीत गरम हवेने वाळवतात. उष्णता लोखंडी नळ्यांमधून फिरवतात, त्यामुळे धूर पानाला लागत नाही. आठवडाभरात पान पिवळं होतं आणि त्यातली साखर त्यातच अडकून राहते. बर्ली मात्र सावलीत, वाऱ्यावर, कित्येक आठवडे सुकते. तेवढ्या वेळात पान स्वतःची साखर खाऊन टाकतं. म्हणून बर्ली खमंग पण कोरडी लागते आणि व्हर्जिनिया गोड. या पिवळ्या पानाचा शोध १८३९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल परगण्यात लागला असं सांगतात. स्लेड नावाच्या जमीनदाराकडे गुलाम असलेल्या स्टीफनला रात्री राखण करताना डुलकी लागली, विस्तव विझत आला. त्याने घाईने लोहारकामाचा कोळसा आणून टाकला, एकदम उष्णता वाढली आणि पानं पिवळीजर्द निघाली. पैसा अर्थातच स्टीफनच्या वाट्याला आला नाही.

अशी पानं थरावर थर रचून, वाफ आणि उष्णता देऊन दाबयंत्राखाली ठेवतात. त्यांची घट्ट वडी होते आणि वडी कापून पातळ पट्ट्या निघतात. पट्टी म्हणजेच फ्लेक. दाब आणि उष्णतेमुळे पानाचा पिवळा रंग तपकिरी होतो, लिंबासारखा टोकदार आंबटपणा मवाळ होतो आणि सुक्या फळांकडे झुकणारी चव पुढे येते. याच घराण्याचा ‘बेस्ट ब्राउन फ्लेक’ ओढून पाहिलात तर फरक लगेच कळेल: तो रंगाने उजळ, चवीला हलका. फुल व्हर्जिनिया त्याचा गंभीर थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही.

पायरी पहिली: पेटवण्याआधी वास घ्या

नवखे ही पायरी ओलांडून जातात. पट्टी डब्यातच असताना एकदा वास घ्या, मग बोटांत मोडून पुन्हा घ्या. अख्ख्या पट्टीला मला सुक्या मनुकांचा, गवताच्या गंजीचा आणि किंचित व्हिनेगरसारखा वास येतो. त्या व्हिनेगरने घाबरू नका, दाबलेल्या व्हर्जिनियाला तो असतोच आणि हवेला ठेवल्यावर उतरतो. मोडलेल्या पट्टीच्या ताज्या कडेला पावाच्या कडेसारखा वास येतो. हा वास लक्षात ठेवा, कारण पाइप मध्यावर आला की नेमका तोच तोंडात सापडतो. डब्यातला वास आणि धुरातली चव यांचा इतका सरळ संबंध फार थोड्या तंबाखूंमध्ये असतो. सुगंधी मिश्रणांचा डबा मिठाईच्या दुकानासारखा दरवळतो आणि धुरात बहुतेक वेळा गरम हवाच लागते. हे माझं मत आहे, सुगंधीवाल्यांनी रागावू नये.

पायरी दुसरी: पाइप कोणता

फार डोकं लावू नका. ज्या खोलगट भागात तंबाखू भरतात त्याला पाइपवाले बाउल म्हणतात. या तंबाखूला तो अरुंद आणि जरा खोल असलेला बरा: आतली रुंदी साधारण १९ मिलिमीटर, खोली ३५ ते ४० मिलिमीटर. रुंद बाउलमध्ये विस्तवाचा पृष्ठभाग मोठा होतो आणि नवख्या हाताला तो आवरत नाही.

लाकूड म्हणाल तर ब्रायर. भूमध्य सागराच्या काठावर वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते, तिच्यातून हे पाइप कोरतात. ते उष्णता सोसतं आणि ओलावा शोषतं. ब्रायर घेण्याआधी तंबाखूच चाखून पाहायची असेल तर मक्याच्या कणसाचा पाइप उत्तम. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावी ते १८६९ पासून बनताहेत, वजनाला हलके आहेत आणि पहिल्या दिवसापासून नीट ओढता येतात.

एक गोष्ट मात्र पाळा. ज्या पाइपात लटाकिया किंवा जड सुगंधी तंबाखू ओढली आहे त्यात ही भरू नका. लाकूड जुनी चव धरून ठेवतं, पाइपवाले त्याला भूत म्हणतात, आणि साध्या व्हर्जिनियाच्या अंगावर हे भूत फार लवकर चढतं. एक पाइप हिच्यासाठी वेगळा काढा.

पायरी तिसरी: वाळवणं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण नवख्यांची तक्रार जवळजवळ नेहमी इथूनच सुरू होते.

डब्यातून निघालेली पट्टी ओलसर असते. वाहतुकीत आणि साठवणीत तिने टिकावं म्हणून ते ठीकच आहे, पण त्या अवस्थेत ती ओढण्यासाठी नसते. ओली तंबाखू पेटवली की विस्तवाची ताकद आधी पाणी उकळण्यात खर्च होते. विस्तव टिकत नाही, म्हणून आपण जोरात ओढतो. जोरात ओढलं की पाइप तापतो. पाण्याची वाफ होऊन ती धुराबरोबर दांडीतून येते आणि सरळ जिभेवर बसते. वाफेने हात भाजतो तो कोरड्या गरम हवेपेक्षा किती वाईट भाजतो ते आठवा. जिभेचंही तेच होतं. उरलेली वाफ दांडीत थंड होते आणि गुडगुड सुरू होते. माझ्या त्या पहिल्या संध्याकाळी हे सगळं ओळीने झालं होतं.

म्हणून ओढायच्या वेळेआधी एक पट्टी काढा. एका पाइपला साधारण एक ते दीड पट्टी पुरते, पट्टीच्या लांबीवर आणि बाउलच्या मापावर थोडं कमीजास्त. पांढऱ्या कोऱ्या कागदावर ती हलकेच मोकळी करून पसरा. छापील कागद नको, शाईचा वास लागतो. मोकळी केलेली तंबाखू पाऊण तास ते दोन तासांत तयार होते. अख्खी पट्टी ठेवलीत तर रात्रभर ठेवा. हवा दमट असेल तर आणखी वेळ, कोरडी असेल तर कमी. घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा.

बोटांची परीक्षा अशी. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि तर्जनीमध्ये घट्ट दाबा आणि सोडा. गोळी बनून तशीच राहिली तर ओली आहे. दाबल्यावर कुरकुर आवाज झाला आणि भुगा पडला तर जास्त वाळली. दाबल्यावर गोळा झाली, पण सोडल्यावर सावकाश उलगडली आणि बोटांना गारवा लागला नाही, की झालं. गारवा हा खरा चुगलखोर आहे. नुसत्या नजरेला कोरडी दिसणारी तंबाखू गालाला लावून पाहा. गार लागली तर पाणी आहे. मला स्वतःला ती जरा जास्तच कोरडी आवडते, कडांना करकरीत आणि मधे नरम.

वाळवताना चव उडून जाईल ही भीती सुगंधी तंबाखूबाबत खरी आहे, कारण तिथे वास वरून चढवलेला असतो. इथे चव पानाची आहे, एका दुपारीत ती कुठे जात नाही. फार दिवस उघडी ठेवून अगदी कागद करून टाकलीत तर मात्र ती भरभर जळते आणि चव पातळ होते. तसं झालं तर तंबाखू वाडग्यात घालून वर ओलं, पिळून काढलेलं फडकं ताणून बांधा. फडकं तंबाखूला टेकू देऊ नका. काही तासांत ती माणसात येते.

दिव्याखाली किंवा हीटरवर वाळवायची युक्ती काही जण सांगतात. मी एकदा टेबलावरच्या दिव्याखाली ठेवली आणि फोन आला म्हणून उठलो. परत येईपर्यंत वरचा थर खडखडीत आणि खालचा तसाच ओला. आता ठेवतो ती नुसती टेबलावर.

पायरी चौथी: मळणं की दुमडणं

पट्टी मळा. नवख्यासाठी हेच बरोबर. ती तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटांनी गोल गोल चोळली की धागे सुटतात. अगदी भुसा करू नका. धागे आणि मधे मधे दाण्याएवढे तुकडे राहिले की जळण्याचा वेग आपोआप मंदावतो. बारीक मळलेली लवकर पेटते आणि लवकर संपते, जाडी भरडी उशिरा पेटते पण सावकाश आणि गोड चालते.

जुने जाणते लोक पट्टी मळतच नाहीत. ती लांबीत दुमडतात, पुन्हा अर्ध्यात दुमडतात, किंचित पीळ देऊन बाउलमध्ये सोडतात आणि वर चिमूटभर मळलेली तंबाखू पेटवणासाठी भुरभुरतात. असा पाइप लागला तर त्याच्यासारखी मजा नाही, पण तो लागेपर्यंत काड्यांची पेटी संपू शकते. दहाबारा पाइप मळून ओढलेत की मग हे करून पाहा.

पायरी पाचवी: भरणं

पाइपवाल्यांची एक जुनी म्हण आहे: पहिली चिमूट लहान मुलाच्या हाताने, दुसरी बाईच्या हाताने, तिसरी पुरुषाच्या हाताने भरावी. म्हणजे तळाशी अगदी सैल, मधे थोडी दाबून, वर जरा घट्ट. फ्लेकच्या बाबतीत मी ती तिसरी पायरीही बाईच्याच हाताने करतो. दाबलेलं पान पेटलं की फुगतं, जवळजवळ दीडपट जागा मागतं. आधीच घट्ट भरलंत तर पाच मिनिटांत हवा बंद.

भरून झालं की न पेटवता एक झुरका घ्या. स्ट्रॉने पाणी पिताना जेवढा अडथळा लागतो तेवढाच लागला पाहिजे. जास्त लागला तर दाबून, कोरून सुधारत बसू नका. सगळं ओता आणि पुन्हा भरा. यात लाज नाही.

पायरी सहावी: पेटवणं

लाकडी काडी वापरा. काडी ओढल्यावर टोकावरचं रसायन जळून जाईपर्यंत दोन क्षण थांबा, नाहीतर पहिला झुरका गंधकाचा येतो. लायटर चालतो, पण मऊ पिवळ्या ज्योतीचा, तोही गॅसवरचा. पेट्रोलचा लायटर चवीत उतरतो आणि शिट्टी वाजवत निळी ज्योत सोडणारे लायटर बाउलची कड जाळून ठेवतात.

ज्योत तंबाखूच्या वर गोल फिरवत छोटे झुरके घ्या. वरचा थर काळा पडेल आणि फुगून उठेल. आता थांबा, विझू द्या. टॅम्परच्या, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांड्याच्या, चपट्या टोकाने ती फुगवटी हलकेच खाली बसवा, टॅम्परच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब. मग दुसरी काडी. पहिली काडी नाटकाची तालीम असते, प्रयोग दुसऱ्या काडीपासून सुरू होतो.

पायरी सातवी: ओढणं, आणि चव कुठे शोधायची

या तंबाखूची गोडी उष्णतेला भिते. मिनिटाला दोनतीन छोटे झुरके, तेही ओठांच्या कोपऱ्याने, गरम चहाचा पहिला घोट घेतो तसे. धूर दाट यावा म्हणून ओढू नका. बाउल मधूनमधून गालाला लावून पाहा. गालाला धरवला नाही तर पाइप खाली ठेवा आणि दोन मिनिटं दुसरं काही करा. विझला तर विझू द्या, पुन्हा पेटवता येतो. एका पाइपात चारपाच वेळा काडी लावावी लागणं हे काही अपयश नाही.

जीभ फार थोड्या चवी ओळखते, बाकीचं काम नाकाचं. म्हणून धूर तोंडात खेळवल्यावर त्यातला थोडासा नाकावाटे बाहेर सोडायला शिका. छातीत घ्यायचा नाही, तोंडातूनच मागच्या बाजूने नाकात ढकलायचा. पहिल्यांदा झणझणेल, डोळ्यांत पाणी येईल. तोंडातला बहुतेक धूर आधी सोडून दिला आणि उरलेला धागाभर नाकातून काढला तर झणझणत नाही. हे जमलं नाही तोवर ‘मला तर नुसता धूर लागतो’ ही तक्रार सुटत नाही.

पहिला एक तृतीयांश हिस्सा मला नेहमी हिरवा वाटतो. वाळलेलं गवत, लिंबाच्या सालीचा किंचित कडूआंबटपणा, नाकात मिरीसारखी एक बारीक टोचणी. इथे गोडी कमी असते आणि नवखा माणूस निराश होऊन जोर लावतो. लावू नका.

मधला भाग हा या तंबाखूचा खरा मुक्काम. विस्तव दबून बसलेला असतो, राखेची राखाडी टोपी वर आलेली असते आणि झुरके आपोआप लहान होतात. एखादा झुरका जवळजवळ काहीच न ओढल्यासारखा होतो, आणि नेमक्या त्याच झुरक्याला जिभेच्या मागच्या भागावर भाजलेल्या पावाची, मनुकांची, मंद काकवीची चव बसते. दोन झुरक्यांच्या मधल्या रिकाम्या वेळातही ती टाळूला चिकटून असते. मला कोणी विचारलं की ही तंबाखू का आवडते, तर या वीसेक मिनिटांपलीकडे माझ्याकडे उत्तर नाही. याच वेळी जोरात दोन झुरके मारून पाहा, प्रयोग म्हणून. गोडी दिवा मालवल्यासारखी जाते आणि तोंडात गरम, तिखट, पोकळ धूर उरतो. ती परत यायला पाच मिनिटं लागतात.

शेवटचा हिस्सा गडद आहे. सुकं अंजीर, ओली माती, थोडा कोकोसारखा कडवटपणा. निकोटिनचं वजनही इथेच जाणवायला लागतं. मध्यम ताकदीची म्हणून ओळखली जाते, पण ती चोरपावलांनी येते. भट्टीत वाळवलेल्या पानाचा धूर आम्लाकडे झुकलेला असतो, त्यामुळे निकोटिन तोंडातून सावकाश उतरतं आणि माणूस गाफील राहतो. उचकी लागली, कपाळाला गार घाम आला, पोटात ढवळायला लागलं की पाइप ताबडतोब ठेवा. मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या, काहीतरी गोड खा. उपाशीपोटी ही ओढूच नका.

चव राखेसारखी सपाट झाली की थांबायचं. तळापर्यंत जाळलाच पाहिजे असा नियम नाही. मध्यम बाउल मला तासभर पुरतो, कधी सव्वा तास. घाईच्या माणसासाठी ही तंबाखू नव्हे. अर्ध्यावर पाइप ठेवून दोन तासांनी पुन्हा पेटवण्याची काहींची पद्धत आहे. पुन्हा पेटवलेला अर्धा पाइप जरा उग्र पण जास्त गोड लागतो, मला आवडतो. एक मात्र आधीच सांगतो: खोलीत मागे राहणारा वास जळक्या पानांचा असतो, केकचा नव्हे. घरच्यांना काही वेगळं आश्वासन देऊन ठेवू नका.

जीभ पोळली तर

ओली तंबाखू, घट्ट भरणं, जोराचे झुरके, यांपैकी काहीतरी झालंय. बहुधा तिन्ही. एकदोन दिवस पाइपाला सुटी द्या. पोळलेल्या जिभेने दुसरी तंबाखू चाखायला जाऊ नका, तिच्यावर उगाच अन्याय होईल. पाइपबरोबर साधं पाणी किंवा बिनसाखरेची कॉफी ठेवली तर तोंड कोरडं पडत नाही आणि चवही झाकली जात नाही. पण जिभेवर किंवा गालाच्या आत फोड, पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर तो पाइपच्या अनुभवाचा भाग समजू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.

पायरी आठवी: साफसफाई

पाइप गरम असताना दांडी उपसू नका, सांधा सैल होतो किंवा तडकतो. आधी थंड होऊ द्या. पाइप क्लीनर दांडीतून घाला, ओलावा टिपून घ्या, राख ओता, बाउल आतून मऊ कागदाने पुसा. मग दांडी एकाच दिशेने फिरवत काढा आणि आतला काळा चिखल पुसून टाका. पाइपला निदान एक दिवस विश्रांती. बाउलच्या आत हळूहळू कोळशाचा थर बसतो, तो मिलिमीटरभर असू द्या, लाकडाला त्याचं चिलखत होतं. त्याहून जाड झाला तर कोरणीने घासा. चाकूचं टोक लावू नका, माझ्या एका पाइपच्या तळाला त्याची खूण अजून आहे.

उरलेली तंबाखू कुठे ठेवायची

डबा एकदा उघडला की त्याचं झाकण पुरेसं राहत नाही. काचेची, रबरी कडा असलेली घट्ट झाकणाची बरणी घ्या, गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि पट्ट्या तिच्यात ठेवा. अंधारात, सामान्य तापमानाला. फ्रिज नको. ओलावा टिकावा म्हणून सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड आत टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मान डोलवा आणि टाकू नका, बुरशीला ते आवतण आहे. बरणीवर तारीख लिहा.

तारखेचा उपयोग असा की साखर असलेली ही पट्टी बंद बरणीत वर्षानुवर्षं बदलत राहते. वर्षभरात कडा बोथट होतात, तीनचार वर्षांत रंग काळवंडतो आणि सुक्या फळांची चव वाढते. म्हणून जमलं तर दोन डबे घ्या, एक ओढायला आणि एक विसरून जायला. हाताला वळण लागलं की याच घराण्याचा ‘सेंट जेम्स फ्लेक’ पाहा. त्यात व्हर्जिनियाबरोबर पेरीक आहे, म्हणजे लुईझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात लाकडी पिंपात स्वतःच्याच रसात दाबून आंबवलेलं पान. मनुकांच्या जोडीला मिरी आणि आलुबुखार येतो. ‘१७९२ फ्लेक’ला मात्र घाई करू नका, ती ताकदीला भारी आहे आणि तिच्यातला टोंका बीन या सुगंधी बीचा वास पाइप सोडत नाही.

जुनी बरणी उघडाल तेव्हा पट्ट्यांवर पांढरे ठिपके दिसण्याची शक्यता आहे. मी माझी चार वर्षांची बरणी त्यापायी कचऱ्यात टाकायला निघालो होतो. आधी उजेडात धरा, भिंग असेल तर लावा. ठिपके साखरेच्या कणांसारखे चमकत असतील, पट्टीला सपाट चिकटून असतील आणि वास नेहमीचा मनुकांचाच असेल, तर ते पानातूनच वर आलेले स्फटिक आहेत, खुशाल ओढा. कापसासारखी तंतू असलेली लव दिसली, राखाडी किंवा हिरवट छटा असली आणि ओल धरलेल्या भिंतीचा वास आला, तर ती बुरशी आहे. मग वरच्या दोन पट्ट्या काढून बाकीची वाचवण्याच्या फंदात पडू नका, सगळी बरणी रिकामी करा आणि उकळत्या पाण्याने धुवा. माझे ठिपके चमकत होते. त्या बरणीत आता तीन पट्ट्या उरल्या आहेत, आणि त्यातली एक या घडीला कागदावर पसरून ठेवली आहे.